मोगऱ्याची पुडी

"भेटायची येळ चार ते सहा," मी म्हणाले आणि दारात हात आडवा धरला. "बोर्डावर लिव्हलंय."

जैतुनबीला वाचता येत नाही हे मला चांगलं ठाऊक होतं. सकाळचे अकरा वाजले होते. मे महिन्याचं ऊन, बेगमपुऱ्यापासून चालत आलेली, तोंड लालबुंद झालेलं, हातात फडक्यात गुंडाळलेला डबा. तिनं बोर्डाकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"हौ, बरोबर हाय," ती म्हणाली. "मी बसते इथंच बाकड्यावर. हा डबा तेवढा छोरीला दे. हरीरा केलाय, बदाम-खसखस घालून. गरम हाय तवर पिऊ दे तिला."

मी डबा घेतला, आत आले आणि माझ्या टेबलाखाली फिनेलच्या बाटलीशेजारी ठेवून दिला. सुनेला सांगितलं नाही.

ती भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. पण जैतुनबी कधी भांडत नाही. ती बसून राहते. तिचं ते बसून राहणं गेली एकोणतीस वर्षं माझ्या डोळ्यात खुपतंय.

खरं सांगायचं तर त्या बोर्डाला मी कधी फारसं जुमानलं नाही. बावीस वर्षं मी या प्रसूतिगृहात आया आहे. खेड्यावरून कुणाची आई आली, एसटीनं अंग मोडून आलेली असली, तर मी अकरालाही आत सोडते आणि नऊलाही. वर चहा पाजते. नियम त्या दिवशी एकट्या जैतुनबीला होता.

कारण ती माझ्या सांडूची अम्मी. सांडू माझा एकुलता एक मुलगा. नऊ महिने मी वाहिला, कळा मी दिल्या, आणि दोन वर्षं त्याला अंगावर पाजलं जैतुनबीनं. मला तो 'बाई' म्हणतो, घरात सगळेच म्हणायचे तसं. तिला 'अम्मी'.

आत तीन नंबरच्या खाटेवर माझी सून आशा होती. आदल्या दिवशी पहाटे तिला मुलगी झाली. माझी पहिली नात. तीस तास होत आले होते आणि पोरगी अंगावर लागत नव्हती. तोंड उघडायची, दोनदा चाटल्यासारखं करायची, मान मागं टाकून रडायची. आशाचाच चीक दाबून चमच्यात काढून मी दोन-चार थेंब दिले होते, तेवढ्यावर ती होती.

आशा सोयगावची. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं ही रीत आहे. पण मी स्वतः सोयगावला जाऊन विहीणबाईंना सांगून आले, तिकडं नाही, माझ्या वॉर्डात, माझ्या हाताखाली. तिकडं कुणीतरी मधाचं बोट चाटवेल, चीक पिळून टाकेल, असं त्यांना सांगितलं. ते खरंही होतं. पण खोटं कशाला बोलू, मला दाखवायचं होतं. सांडूला, जैतुनबीला, अख्ख्या बेगमपुऱ्याला. माझ्या घरातलं लेकरू माझ्या घरातल्या दुधावर वाढतं हे मला बघायचं होतं आणि दाखवायचं होतं.

दोन वर्षांपूर्वी आमच्या डॉक्टर मॅडमनी आम्हा आयांचा आणि सिस्टरांचा तीन दिवस वर्ग घेतला होता. त्यांनी कापडाची छाती शिवून आणली होती आणि एक बाहुली. बाकीच्या तोंडाला पदर लावून खिदळल्या. मी नाही हसले. मॅडम म्हणाल्या, जवळजवळ प्रत्येक बाईला दूध येतं. पहिल्या तासात लेकरू छातीशी लावा, चीक टाकू नका, मध नको, घुटी नको, बाटली तर नकोच नको. बाळंतिणीला पाणी तोडू नका, तिला पोटभर वरण-भाकरी, भाजी, अंडं, जे घरात असेल ते सगळं द्या. आणि लेकराचं डोकं दाबू नका. डोकं दाबलं की ते मान मागं टाकतं.

जवळजवळ प्रत्येक बाईला. ते वाक्य ऐकून मी बाथरूममध्ये गेले होते आणि नळ सोडून तिथं बराच वेळ उभी राहिले होते.

त्या दिवसापासून माझं काम बदललं. फडकं मारायचं ते मारत होतेच, पण कुठल्याही खाटेपाशी गेले की माझा पहिला प्रश्न ठरलेला, "पाणी पिलीस का?" दुसरा, "काय खाल्लंस?" मग पाठीला उशी, मग लेकरू. पिशोरच्या, कन्नडच्या बाया येताना विचारत येतात, चतुरामावशीची पाळी कधी आहे. दोन वर्षांत आमच्या वॉर्डात वरच्या दुधाचा एक डबा फोडला गेला नव्हता. आणि आता माझ्याच नातीपाशी माझे हात चालेनात.

"चतुराबाई," सिस्टर हळूच म्हणाल्या, "पाच वाजेपर्यंत वाट बघू. नाहीच जमलं तर सहा नंबरच्या दगडाबाईचं दूध वाटीत काढून घेऊ. तिला उदंड येतंय, ती नाही म्हणायची नाही."

दगडाबाई दौलताबादची, गडाखालच्या वाडीतली. तिची चोळी सदा ओली, आणि तिला त्याचं हसू यायचं. तिनं लगेच वाटी धुऊन खिडकीत ठेवली.

"न्या की मावशी," ती म्हणाली. "माझं लेकरू पिऊन पिऊन झोपतंय. वाया चाललंय नुस्तं."

वाया चाललंय. हाच शब्द माझ्या सासूनं वापरला होता.

माझी सासू साळूबाई. तिला मी वाईट म्हणणार नाही, तिला जे माहीत होतं ते तिनं केलं. माझी पहिली मुलगी आठव्या दिवशी गेली होती. सासूच्या मनानं घेतलं की चतुराचं दूध बाधतं. म्हणून दुसरा झाला तेव्हा त्याचं नावच सांडू ठेवलं, सांडलेल्याला कुणी उचलून नेत नाही म्हणतात. त्याला तीन दिवस माझ्याजवळ दिलाच नाही. चीक पिळून नाल्यात टाकला. मला दिवसाला एक तांब्या पाणी, तेही ओव्याचं. पोर मधाच्या बोटावर रडून रडून निळं पडायला लागलं.

आमचं आणि जैतुनबीचं अंगण एकच. तिचा नवरा इब्राहीम मागावर हिमरूच्या शाली विणायचा. तिला त्याच आठवड्यात मुलगा झाला होता आणि दोन तासांत गेला होता. चौथ्या दिवशी सासू सांडूला घेऊन अंगण ओलांडून गेली. "तिचं वाया चाललंय," ती मला म्हणाली. "दोन दिस पिऊ दे. मग बघू."

आणि त्याच दिवशी मला दूध उतरलं. मी अंगणात नळावर गेले होते, चोळी पुढून भिजली, लुगडं भिजलं. मी पळत घरात आले, सासूला दाखवलं. मला वाटलं ती आनंदेल. ती अंगणापलीकडं गेली आणि मोगऱ्याच्या फुलांची पुडी घेऊन आली. फुलं माझ्या छातीवर ठेवली आणि वरून जुन्या धोतराच्या पट्टीनं करकचून बांधलं. "कशाला?" मी विचारलं. "ताप येईल, म्हून," ती म्हणाली. मी अठरा वर्षांची होते. बांधून घेतलं. चार दिवस ताजी फुलं, ताजी पट्टी. पाचव्या दिवशी सगळं आटलं.

मोगऱ्यानं काय होतं हे मला सहा-सात वर्षांनी कळलं, इथं नोकरीला लागल्यावर. ज्या बाईचं लेकरू पोटातच दगावतं तिला आम्ही तशीच फुलं बांधतो, दूध आटावं म्हणून. पहिल्यांदा बांधताना माझे हात थांबले होते. त्या दिवसापासून माझ्या मनात पक्कं बसलं, की दोघींनी मिळून केलं. पुडी तर अंगणापलीकडून आली होती. जैतुनबीला माहीत होतंच.

विचारलं मात्र कधी नाही. काय विचारणार होते? तिच्या दुधावर माझा मुलगा जगला हेही खरंच होतं. ज्या बाईचे पाय धरायचे तिचा गळा धरावासा वाटला तर माणसानं जायचं कुठं?

म्हणून मी जळत राहिले. सांडू पडला, गुडघा फुटला, तर माझ्या अंगावरून पळत तिच्याकडं जायचा. दहावी झाला तर पहिला पेढा तिकडं. पुढं तिला सगीरा झाली, ती सांडूची दूधशरीक बहीण, एकाच दुधावरची, सख्खीसारखी. सगीराच्या लग्नात हा भाऊ म्हणून उभा, आणि मी पाहुण्यांच्या पंगतीत. नवऱ्याच्या मागं लागून मी हडको वसाहतीत बिऱ्हाड केलं, ते अंगण सुटावं म्हणून. सांडू दर सुट्टीला सायकल काढून बेगमपुऱ्यात.

तर त्या दिवशी एकच्या सुमाराला सांडू वाळूजहून आला, कंपनीतून अर्धी रजा टाकून. आत यायच्या आधी तो बाकड्यापाशी थांबला, हे मी खिडकीतून पाहिलं.

"बाई, अम्मी बाहेर बसलीय," तो मला म्हणाला.

"वऱ्हांड्यात सावली हाय."

"दोन तास झाले. तिला कामून अडवलंस?"

"नियम हाय."

"मला नाय अडवलं."

"तू बाप हायेस."

"अन् ती कोण हाय?" त्यानं विचारलं. आवाज चढवला नाही. सांडूला चढवता येत नाही, तेही तिच्याच घरून आलेलं.

त्यानं माठातलं पाणी गिलासात घेतलं आणि बाहेर गेला. मी फडकं घेऊन खिडकीपाशी काच पुसायला गेले. काच स्वच्छ होती. तो तिच्या पायाशी उकिडवा बसला होता. एकोणतीस वर्षांचा बाप्या, स्वतःला लेकरू झालेला. ती पाणी प्यायली आणि ओढणीच्या टोकानं त्याच्या कपाळावरचा घाम पुसला. माझ्यासमोर तो असा कधी बसलेला मला आठवत नाही.

मी ताडताड आशाच्या खाटेपाशी गेले.

"घे, बस नीट," मी म्हणाले. "घे तिला."

आशानं घेतलं. पोरीनं तोंड उघडलं न उघडलं तोच मी माझा पंजा तिच्या डोक्यामागं लावला आणि दाबलं. ती किंचाळली. मी पुन्हा दाबलं.

"आत्याबाई, दुखतंय," आशा म्हणाली.

"दुखंल तर दुखंल. तुला नीट धरताच येत नाय. समद्या बायांना येतंय, तुलाच कामून येत नाय?"

हे मी बोलले. बावीस वर्षांत कुणाही बाळंतिणीला मी असं बोलले नव्हते. हे माझ्या सासूचं बोलणं होतं, जसंच्या तसं. दगडाबाईनं मान फिरवली. आशाच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि पोरगी मान मागं टाकून रडत राहिली. मॅडमनी सांगितलं होतं तशीच, अगदी तशीच. माझा हात मला दिसत होता आणि तरी तो मी काढत नव्हते. अडीच वाजले. तीन वाजले. बाहेर ती बसलेली होती, आणि पाच वाजता दगडाबाईची वाटी येणार होती.

सांडू औषधाची चिठ्ठी घेऊन गुलमंडीकडं गेला. चार वाजता मी घंटा वाजवली. ती घंटा माझ्याच ताब्यात असते, पितळेची, दाराशी टांगलेली. लोक आत आले. जैतुनबी सगळ्यांच्या मागून आली.

"हात कुठं धुऊ?" तिनं विचारलं. मी नळ दाखवला. तिनं साबण लावून कोपरापर्यंत धुतले.

मला वाटलं ती आधी पोरीला घेईल. मी तयारच होते, हात पुढं आला की अडवायला. पण ती खाटेच्या पायथ्याशी उभी राहिली आणि लेकराकडं न बघता आशाच्या तोंडाकडं बघत राहिली.

"छोरी, होट सुकले तुझे," ती म्हणाली. "पानी पिलीस का?"

आशानं नाही म्हणून मान हलवली.

"कायबी खाल्लं का सकाळपास्नं?"

"नाय," आशा म्हणाली. "कुणी विचारलंच नाय."

माझा प्रश्न होता तो. माझा. प्रत्येक खाटेला मी रोज विचारते, आणि माझ्या घरच्या खाटेला विचारला तो हिनं. तोंडावर चपराक बसली असती तरी मला इतकं लागलं नसतं.

"अन् हरीरा?" जैतुनबीनं विचारलं.

"कसला हरीरा?" आशा म्हणाली.

मी टेबलापाशी गेले, वाकले, डबा काढला. फिनेलचा वास फडक्याला लागला होता. फडकं सोडून मी डबा आशाच्या हातात दिला. हरीरा गार होऊन घट्ट झाला होता, वर साय धरली होती. जैतुनबीला सगळं कळलं. तिनं चमचा घेतला आणि साय आत ढवळली.

"थंडा बी चालतो," ती म्हणाली. "गर्मीत तो अच्छाच."

आशा आधी दोन गिलास पाणी प्यायली, धापा टाकत. मग हरीरा. शेवटचा चमचा झाल्यावर तिनं तोंड पुसलं आणि माझ्याकडं पाहिलं.

"आत्याबाई, राग मानू नका. तुमी जरा बाहेर जा."

मी जैतुनबीकडं पाहिलं. मनात आलं, झालं, आता नातही गेली.

"दोघी बी जा," आशा म्हणाली. "मी बघते माझं."

जाता जाता माझ्यानं राहवलं नाही. "तिचं झबलं काढ," मी म्हणाले. "छातीवर उघडी ठेव नुस्ती. तिची ती शोधंल. डोकं दाबू नको." दुपारपासून स्वतः जे केलं तेच मी तिला नको म्हणून सांगत होते.

बाहेर बाकडं एकच. मी या टोकाला बसले, ती त्या टोकाला. समोरच्या कडुलिंबाखाली नातेवाइकांच्या चपला आणि डबे. मग तीच बोलली.

"चतुरा, तू आज मला नळ दाखवला. अंगणात एक नळ होता आपला, याद हाय?"

"हाय."

"तू तिथं उभी होतीस. चोळी पुढून समदी भिजलेली. मी खिडकीतून बघितलं. सांडू तवा माझ्या अंगावर पीत होता, पयल्यांदाच."

एकोणतीस वर्षं मी या बोलण्याची वाट बघत होते, आणि आता ते आल्यावर मला उठून जावंसं वाटलं.

"मेरेकू मालूम था, चतुरा," ती म्हणाली. "तुला दूध उतरलं हे मला मालूम होतं. साळूबाई आली. माझ्या उशीशी मोगऱ्याची पुडी होती, इब्राहीमनं गुलमंडीवरून आणलेली. माझ्यासाठी. माझा तर गेला होता ना. छाती दगड झाली होती, हात लावू देत नव्हती. ती पुडी साळूबाईनं उचलली. मी इचारलं, किसके वास्ते? ती बोलली, चतुराला बांधते, तुला आता कशाला पायजे."

मी तिच्याकडं वळले. पुडी तिची होती हे मला माहीत नव्हतं. तिनं ती माझ्यासाठी मागवली असंच मी इतकी वर्षं धरून चालले होते.

"मी एक शब्द बोलले असते तर झालं असतं," ती म्हणाली. "की साळूबाई, तिला उतरलंय, तिचं पोरगं तिला दे, फुलं मला बांध. एक शब्द. पन सांडू पीत होता. त्यानं माझं बोट धरलं होतं. मुँह खुला नहीं. दोन दिवस बोलके आणला होता, दोन साल झाले. तू दारात उभी राहून बघायचीस, अन् मी पाठ फिरवायची."

"आता कामून सांगतीस?" मी विचारलं.

"सकाळी तू हात आडवा धरला. मला वाटलं, बरोबर हाय. हिला हक हाय."

मला वाटलं होतं, हे ऐकलं की माझा जीव थंड होईल. मी बरोबर होते, इतकी वर्षं उगाच जळत नव्हते, तिनंच तोंडानं कबूल केलं. पण जीव थंड झाला नाही. मला आठवत होत्या त्या सगळ्या बाया ज्यांना मी आजवर फुलं बांधली. रिकामी कूस घेऊन पडलेल्या, भिंतीकडं तोंड केलेल्या, छाती तटतटलेली. त्या प्रत्येकीपाशी मी बसले, त्यांचे केस विंचरले. त्यांतल्या एकीकडंही बघून मला जैतुनबी आठवली नव्हती. अंगणापलीकडं तिचं लेकरू गेलं तेव्हा मी बाळंतीण होते, उठता येत नव्हतं, हे ठीक. पण नंतर? नंतरही मी कधी गेले नाही. तिच्या घरात गेलेल्या मुलाबद्दल मी कधी एक अक्षर काढलं नाही. माझा तिच्याकडं होता ना, मग तिचं काय गेलं, असं मला वाटायचं.

मी तिला माफ केलं असं मी म्हणणार नाही. तसं काही झालं नाही. पण मला एक विचारायचं होतं.

"त्याचं नाव ठेवलं होतंस का?"

"कुणाचं?"

"तुझ्या पोराचं. जो गेला."

ती माझ्याकडं वळली.

"मुबारक," ती म्हणाली. "इब्राहीमनं त्याच्या कानात अजान दिली होती. नाव ठेवलं होतं." मग ओढणी नीट करत म्हणाली, "आजतक कुणी इचारलं नाय."

तेवढ्यात दारातून सिस्टरांचा आवाज आला. "चतुराबाई, अहो लवकर या."

मी पळाले. मला वाटलं, पाच वाजले, वाटी घ्यायची वेळ झाली. पण आशा उशीला टेकून अर्धी आडवी होती, पदर बाजूला, आणि पोरगी तिच्या उघड्या छातीवर पालथी. हनुवटी टेकलेली, तोंड पूर्ण उघडं, गाल भरलेले. गळ्यापाशी हलकं हलकं हलत होतं. गिळण्याचा आवाज मला पहिल्या खाटेपासून ऐकू आला, तो आवाज मी झोपेतही ओळखीन. आशाचे दोन्ही हात मोकळे होते. कुणी लावलं नव्हतं, कुणी दाबलं नव्हतं.

"सरकत सरकत गेली आपली आपण," आशा म्हणाली. ती हसतही होती आणि रडतही होती. "मी कायबी केलं नाय, आत्याबाई."

दगडाबाईनं खिडकीतली वाटी उचलली, पुसली आणि पालथी घातली. "माझं वाया जाणार म्हणा की," ती म्हणाली आणि स्वतःच हसली.

जैतुनबी दाराच्या आत दोन पावलांवर उभी होती. तिथूनच बघत होती. पुढं आली नाही, हात केला नाही. मागायची सवय तिला नव्हतीच, आणि त्या दिवशी तर ती मागणार नव्हती हे मला समजत होतं.

सहा वाजता मी घंटा वाजवली. लोक उठले, डबे उचलले, कुणाचा चष्मा राहिला, कुणाची पिशवी. जैतुनबीनंही तिचा रिकामा डबा फडक्यात बांधला. फडक्याला अजून फिनेलचा वास होता.

"तू बस," मी म्हणाले.

"येळ झाली ना."

"बस म्हणते ना. ती घंटा तुला नाय."

ती माझ्या स्टुलावर बसली. पोरगी पिऊन झोपली होती, ओठाशी दुधाचा थेंब होता. मी तिला आशाच्या छातीवरून उचललं, दुपट्यात गुंडाळलं. एवढं करायला मला नेहमी क्षण लागतो. त्या दिवशी मी दुपट्याचं टोक तीनदा सोडलं आणि तीनदा खोचलं. मग जैतुनबीच्या मांडीवर ठेवलं.

एका हातानं डोकं तोललं, दुसरा हात दुपट्याखाली घेतला, आणि तिचा अंगठा त्या एवढ्याशा कपाळावरून फिरायला लागला. नेमका तसाच, जसा मी दारात उभी राहून दोन वर्षं बघितला होता.

मला बघवेना. अजूनही बघवत नाही, खोटं कशाला बोलू. मी पाठ फिरवली आणि दोरीवरून काढून ठेवलेले लंगोट पुढ्यात घेतले. एकेकाच्या घड्या घातल्या, रास लावली. शेवटचा लंगोट झाल्यावर मी रास मोडली, आणि पहिल्यापासून पुन्हा घड्या घालायला बसले.